अजानीवर लावलेले बारा गिझर

त्या शुक्रवारी दुपारी दोन वाजता, शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगमधे, दोनशे तीन नंबरच्या फ्लॅटच्या पॅसेजमधे कोण कोण उभं होतं ते आधी सांगून टाकते. म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की मार्था पदरचं घालते. फ्लॅटवाले कुलकर्णी, खांद्यावर टॉवेल टाकून, जसं काही पाणी आत्ताच गरम होऊन मिळणार आहे. त्यांची मिसेस, स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. त्यांची मुलगी सायली, वय वर्षं नऊ, आत हॉलमधे सोफ्यावर पाय वर घेऊन. तीनशे एकमधली हसीनाचाची, रत्नागिरीकडची, तिला कुणी बोलावलं नव्हतं. बिल्डिंगचे मॅनेजर कुरियनसाहेब, केरळचे, पोट पुढे आणि चाव्यांचा जुडगा मागे. माझे मिस्टर इनास, बिल्डिंगचे इलेक्ट्रिशियन, शिडीवर. आणि शिडी धरून मी.

जमायचं कारण असं की बिल्डिंगमधल्या बाराच्या बारा घरांत दोन आठवडे पहाटे गार पाणी येत होतं. फेब्रुवारी महिना. तिकडे वाळवंट असलं तरी फेब्रुवारीतली पहाट अंगावर काटा आणते. कुरियनसाहेबांना बघायचं होतं की इनासला काम अजून जमतंय का. जमत नसेल तर तिकीट काढून घरी. आणि आमची मुलगी लिली तेव्हा इकडे गावी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं पुरं व्हायला अजून एक वर्ष चार महिने. तेवढे दिवस तिकडे टिकायचं, एवढी एकच गोष्ट मी तेव्हा देवाकडे मागत होते.

ते गार पाणी कुणामुळे येत होतं, ते मला माहीत होतं असं वाटेल तुम्हाला. नव्हतं. आणि ते माझ्यामुळेच येत होतं.

मी चौथी पास. तीही वसईकडच्या आमच्या गावच्या मिशनच्या शाळेत, सिस्टरनी मागून ढकलली म्हणून. चर्चवाल्यांनी या नाताळच्या अंकात लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी काय लिहिणार, मला सही करायला पाच मिनिटं लागतात. तर असं ठरलं, की मी बोलायचं आणि लिलीने लिहायचं. ती मधे मधे "आये, हे नको" म्हणते. ते पण लिही म्हटलं.

शारजात मी गेले घरकामाच्या व्हिसावर, याच कुलकर्ण्यांकडे. इनास त्याआधी दहा वर्षं तिथेच होते. राहायला आम्हाला खाली पंपाच्या खोलीला लागून एक खोली. पंप चालू झाला की ताटल्या वाजायच्या.

आता टायमर म्हणजे काय ते सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी चहा घ्यावा.

बिल्डिंगची केबल जुनी होती. पाणी वर चढवायचा पंप आणि बारा घरांचे गिझर एकदम चालू झाले की मेन पडायची आणि सगळी बिल्डिंग अंधारात. शिवाय लाइटचं बिल मालकाच्या नावावर, भाड्यातच धरलेलं, त्यामुळे गिझर बंद करायची कुणाला आठवण राहत नसे. म्हणून कुरियनसाहेबांनी पाळ्या लावल्या. पंप पहाटे तीन ते साडेचार, गिझर साडेचार ते साडेसहा. माझा भाचा आता विलायतेला असतो. तो सांगतो, तिकडे रात्रीची लाइट स्वस्त, तिचं मीटरच वेगळं, टायमर लावून त्यात पाणी तापवून ठेवतात. आमच्याकडे स्वस्त-बिस्त काही नव्हतं. पण टायमर तोच.

प्रत्येक घरात फ्यूजच्या पेटीत ही एक पांढरी चकती. पुऱ्या दिवसाचे चोवीस तास तिच्यावर लिहिलेले, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. कडेला बारीक बारीक दात, एक दात पंधरा मिनिटांचा. जितके दात दाबून ठेवले तितका वेळ गिझर चालू, बाकीचा वेळ बंद. चकती आपली आपण फिरते. वर एक बाण आहे, बाणाखाली जी वेळ येते ती तिच्या मते आत्ताची वेळ. लाइट गेली की चकती थांबते. आली की जिथे होती तिथून पुढे चालायला लागते. तीन तास लाइट नसली तर चकतीच्या लेखी ते तीन तास झालेच नाहीत. म्हणून दर वेळी कुणीतरी शिडी लावून बारा घरांत जायचं आणि चकती पुढे सरकवून जगाबरोबर आणून ठेवायची. तो कुणीतरी म्हणजे इनास.

दाताशेजारी एक खटका असतो. एका बाजूला केला की कायम चालू, मधे ठेवला की टायमरवर, दुसऱ्या बाजूला कायम बंद. उन्हाळ्यात तो बंद ठेवायचा. का, तर तिकडे जुलैत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की गार पाण्याच्या नळाने हात पोळतो. म्हणून तिकडची माणसं उन्हाळ्यात गरम नळाने आंघोळ करतात. गिझर बंद, त्याची टाकी घरात एसीमधे, तिच्यात पाणी पडून पडून निवतं. नवीन आलेला माणूस महिनाभर उलटे नळ सोडतो आणि ओरडत बाहेर येतो. मी दोन महिने ओरडले.

तर त्या फेब्रुवारीच्या आधीच्या जुलैत सायली बाथरूममधून टॉवेल गुंडाळून धावत आली आणि म्हणाली, "आंटी, बोथ टॅप्स आर हॉट!"

मी म्हटलं, "असं कसं होईल?"

"गो अँड सी!"

मी हात घातला आणि काढला. दोन्ही नळ उकळत होते. आदल्या दिवशीच इनास तो खटका बंद करून गेले होते. पेटी उघडून बघितलं तर खटका उलट्या टोकाला, कायम चालू. मी गुपचूप फिरवला आणि कुलकर्णीबाईंना सांगितलं की वाऱ्याने पडला असेल. फ्यूजच्या पेटीत वारा. त्या बिचाऱ्या मान हलवून पोळ्या लाटायला गेल्या.

संध्याकाळी खोलीत इनासना मी ताट वाढलं. माशाचा काटा ते कधी असा चाचपत नसत. बोटाने चाचपून काढत होते. त्यांना साखरेचा आजार होताच. मी बघत राहिले. त्यांना कळलं मी बघतेय ते. म्हणाले, "मार्था, माझे गुडघे दुखतात. शिडीवर आता तू चढत जा. मी खालून सांगेन."

मी म्हटलं, "बरं."

गुडघे. त्यांचे गुडघे माझ्यापेक्षा मजबूत होते. पण डोळे हा शब्द ना त्यांनी काढला, ना मी. काढला असता तर तो खरा झाला असता. व्हिसाच्या मेडिकलची भीती नव्हती, तिथे रक्त घेतात आणि छातीचा फोटो काढतात, डोळ्यात कोण बघतो. भीती होती कुरियनसाहेबांची. तर असं ठरलं, म्हणजे न बोलता ठरलं, की लोकांसमोर ते शिडी धरून "जरा गाठ आवळ, स्क्रू ढिला कर" असं मोठ्याने बोलणार, आणि मी वर चढणार. कुणी विचारलं तर गुडघे.

त्यांनी मला शिकवलं मात्र चोख. आधी मेन बंद. मग टेस्टर लावून बघायचं, एकदा नाही, दोनदा. मग वायरला हात लावायचाच झाला तर उलटा, म्हणजे झटका बसलाच तर हात मागे फेकला जातो, मूठ आवळली जात नाही. मी साडी खोचून शिडीवर चढायचे आणि खाली कुलकर्णीबाई डोळ्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या, मी पडू नये म्हणून की दिसू नये म्हणून, देव जाणे. बिल्डिंगमधे मला टायमरवाली आंटी म्हणायला लागले. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं.

चारशे दोनमधे सहा बॅचलर पोरं राहायची. त्यांच्याकडे पाणी चोवीस तास गरम आणि कुणाची तक्रार नाही, तेव्हाच मला संशय आला. पेटी उघडली तर चकतीत आगपेटीची काडी खुपसून ती अडवून ठेवलेली. मी विचारलं, "ये किसने किया?" सहाही जण छताकडे बघायला लागले. मी म्हटलं, "अच्छा. घर में सिगरेट कौन पीता है?" पाच जणांनी एकाकडे बघितलं. तो कान धरून म्हणाला, "आंटी, खलास, अब नहीं करूँगा, इन्शाल्ला." मी म्हटलं, इन्शाल्ला नको, काडी दे.

असा माझा रुबाब. पण एक गोष्ट मी इनासपासून लपवली होती, आणि ती त्या चकतीवर मुंगीच्या अक्षरात लिहिलेली होती. मला ती वाचता येत नव्हती.

भिंतीवरचं घड्याळ मला समजायचं, काटे कुठे आहेत ते बघून. आकड्यांची गरज पडली नव्हती कधी. या चकतीला काटेच नाहीत, नुसते इंग्रजी आकडे. आणि तिच्यात बाराच्या पुढे तेरा, चौदा, करत चोवीस. इनास खालून विचारायचे, "आत्ता सहा वाजलेत ना संध्याकाळचे? मग अठरा आण बाणाखाली." मी वरून म्हणायचे, "आणलं." अठरा कुठलं, काय, मला पत्ता नव्हता. इतकी वर्षं लग्नाला झालेली, आता कुठल्या तोंडाने सांगू की मला अठरा माहीत नाही.

म्हणून मी माझी युक्ती काढली. डिसेंबरचे पहिले दिवस होते, थंडी सुरू झाली म्हणून सगळे गिझर टायमरवर टाकायचे होते. जिन्याच्या लाइटचा टायमर खालीच होता, आमच्या दाराशेजारी, आणि तो इनासनी आधी लावलेला, बरोबर चालणारा. मी त्याच्यासमोर उभी राहिले. समोरच्या मशिदीत संध्याकाळची अजान झाली, त्या क्षणी बाणाखाली जी जागा होती तिथे कुलकर्णीबाईंच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. सगळे टायमर एकाच बनावटीचे. तोच ठिपका, त्याच जागी, आकड्याचं चित्र जुळवून आणि तिथून दात मोजून, बारा घरांत दिला. आता मला काही वाचायची गरजच नव्हती. अजान झाली की लाल ठिपका बाणाखाली. झालं.

तुम्ही म्हणाल, घड्याळ का नाही बघितलं? अहो, कुणाचं? कुलकर्णी ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवायचे. हसीनाचाचीचं घड्याळ तिच्या लेकीच्या लग्नापासून बंद. बॅचलरांकडे घड्याळच नव्हतं, ते एकमेकांना उठवायचे. माझ्या मनगटावर फक्त बांगडी. आणि अजान कशी, सगळ्या गल्लीला एकदम ऐकू जाते, एक दिवस चुकत नाही. आमच्या गावात चर्चची घंटा अशीच. पहाटे, दुपारी बाराला, संध्याकाळी सातला. बारा महिने सातला म्हणजे सातला. माझा बाप बावडीवरून घंटा ऐकून घड्याळाला चावी द्यायचा. मला वाटलं, देवाची घंटा ती देवाची घंटा, इथली काय आणि तिथली काय.

अडचण एवढीच, की अजान चार मिनिटांची आणि घरं बारा. मी आधी सगळ्यांना सांगून ठेवायचे, दारं उघडी ठेवा. शिडी लहान घेतली. अजान सुरू झाली की पहिल्या मजल्यावरून जी धावायचे, एका घरात ठिपका बाणाखाली, की दुसरं घर, की तिसरं. एका अजानीत एक मजला. चार संध्याकाळी चार मजले. चौथ्या मजल्यावरचे एक पठाण बाबा माझ्याकडे बघून हळहळायचे. त्यांना वाटायचं ही बाई अजान ऐकली की घाबरून पळते. एकदा त्यांनी मला खजूर दिले आणि डोक्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटले.

डिसेंबरात सगळं सुरळीत. पाणी वेळेवर गरम. कुलकर्णी म्हणाले, "मार्थाबाई, इनासभाऊंचं काम म्हणजे काम!" मी लाजल्यासारखं केलं.

मग फेब्रुवारीत पाऊस पडला. तिकडे पाऊस म्हणजे वर्षातले चार-सहा दिवस, पण पडला की रस्त्यांची तळी होतात. बिल्डिंगची लाइट दोनदा गेली, एकदा तर पाच तास. सगळ्या चकत्या मागे. मी खुशीत शिडी काढली. चार संध्याकाळी, चार अजानी, बारा ठिपके. आणि पाचव्या दिवसापासून बिल्डिंगमधे आरडाओरडा.

सगळ्यात आधी कुलकर्णी. त्यांना पहाटे साडेपाचला निघावं लागायचं, दुबईच्या रस्त्यावर गाड्या तुंबायच्या आधी. पाच वाजता नळ सोडला तर बर्फ. मग बॅचलर. मग सगळेच. मी म्हटलं, लाइट मागेपुढे होते, एक दिवस थांबा. एक दिवस थांबले, फरक नाही. मी परत चार संध्याकाळी धावले, ठिपका बरोबर बाणाखाली, डोळ्यात तेल घालून. पाणी अजून उशिरा तापायला लागलं. मी जितकी निगुतीने लावायचे तितकं ते बिघडायचं. मी म्हणायला लागले, "हा चायनाचा माल, थंडीत आळसावतो." इनास म्हणायचे, "चकती आळसावत नाही गं. तू बाणाखाली बरोबर आणतेस ना?" मी म्हणायचे, "अगदी बरोबर." आणि मी खोटं बोलत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात कुरियनसाहेबांकडे तक्रार गेली. आणि तो शुक्रवार उजाडला.

कुरियनसाहेबांनी पॅसेजमधे पाऊल टाकलं आणि मला बाजूला केलं. "मैडम, तुम हटो. इनास भाई, आज तुम चढ़ो. मेरे सामने."

इनास म्हणाले, "साहब, घुटना..."

"घुटना धीरे चढ़ेगा, कोई बात नहीं. यल्ला, चलो."

इनास चढले. सवयीने आधी मेन बंद केली. टीव्ही बंद पडला. सायली म्हणाली, "मम्मा, व्हाय?" कुलकर्णीबाईंनी तिला डोळ्याने गप्प केलं.

"बोलो," कुरियनसाहेब म्हणाले, "टाइम क्या दिखाता है?"

इनासनी मान चकतीजवळ नेली. त्यांची पाठ मला दिसत होती, सदऱ्याला घाम फुटलेला, फेब्रुवारीत. मी शिडी धरून वर बघत होते. मला माझा लाल ठिपका दिसत होता, बाणाच्या दूर उजवीकडे. त्याचा काय उपयोग. दुसऱ्या कुणा बायकोने खालून खोकून आकडा सांगितला असता. मला आकडाच येत नव्हता. त्यांना दिसत नव्हतं आणि मला वाचता येत नव्हतं, आणि दोघं मिळून आम्ही बारा घरांना गरम पाणी द्यायला निघालो होतो.

"बोलो ना, इनास भाई," कुरियनसाहेबांचा आवाज बदलला. "दिखता नहीं क्या?"

मी मनातल्या मनात मरियेला म्हटलं, लिलीसाठी.

तेवढ्यात इनासनी उजवा हात वर केला. अंगठा चकतीच्या कडेवर ठेवला आणि फिरवायला लागले. दाबलेले दात त्यांना हाताला लागले. जिथे दाबलेले संपतात तिथे, म्हणजे साडेसहावर, अंगठा थांबला. तिथून बाणापर्यंत एकेक दात, ओठ हलवत, घाई न करता. संध्याकाळी जपमाळेचे मणी मोजतात तसे.

"सत्ताईस," ते म्हणाले. "सत्ताईस दाँत. पावणेसात घंटा. साढ़े छह में मिलाओ. सवा एक बजा दिखाता है."

कुलकर्ण्यांनी मान वर करून पेटीत डोकावलं. "करेक्ट. सव्वा एक." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आणि आत्ता दोन वाजून दहा. म्हणजे दोन. पाऊण तास मागे आहे."

कुरियनसाहेबांनी स्वतः पेटीत डोकावून बघितलं. मग म्हणाले, "मैं चालीस साल का आदमी नहीं हूँ, पचपन का हूँ. आज तक उँगली से टाइमर पढ़नेवाला मेकैनिक नहीं देखा." मी शिडीवरची पकड सैल केली. पण ते पुढे म्हणाले, "लेकिन एक बात बताओ. बारह के बारह फ्लैट में पौन घंटा पीछे? मशीन बिगड़ता है तो कोई आगे, कोई पीछे. बारह मशीन एक जैसा झूठ नहीं बोलता. ये आदमी का काम है. किसने लगाया?"

इनासनी शिडीवरूनच उत्तर दिलं. "मैंने."

मी म्हटलं, "नाही साहेब." तोंडातून मराठीच आलं. "मैंने लगाया. इनको मालूम भी नहीं. मैं अजान पे लगाती हूँ."

"किस पे?"

"अजान पे. शाम की अजान हुई की लाल ठिपका बाण के नीचे. डिसेंबर में ठिपका दिया, तब से वैसाच."

मग हसीनाचाची भिंतीला टेकली आणि तिला जे हसू आलं, ते आवरेना. पदराने डोळे पुसत म्हणाली, "अगो मार्था! अगो येडे! मग्रिबची अजान घड्याळावर नाही होत गो, सूर्य बुडला की होते! डिसेंबरात साडेपाचला, आता सव्वासहाला. जूनमधे बघ, सात वाजून जातात. तू काय सूर्याला टायमर लावलास?"

मी म्हटलं, "रोज बदलते?"

"रोज! मिनिट मिनिट सरकते. आमच्याकडे वेळांचा कागद असतो, दारामागे लावलाय तो काय शोभेला? मला विचारायचंस ना!"

कुलकर्णी हसायला लागले, मग त्यांची मिसेस कणकेचा हात तोंडाला लावून, मग सायली, तिला काही कळलं नव्हतं तरी. कुरियनसाहेबांचं पोट हलायला लागलं आणि त्याबरोबर चाव्या वाजायला लागल्या. शिडीवर इनास एकटे हसत नव्हते. ते माझ्या दिशेने बघत होते, माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे.

कुरियनसाहेब डोळे पुसून म्हणाले, "इनास भाई, मैडम को मत चढ़ाओ. तुम्हारा उँगली ठीक है, उसी से काम करो."

इनासनी चकती पुढे सरकवली. मोठ्याने मोजलं. "एक. दो. तीन." मेन चालू केली. टीव्ही लागला. सायली म्हणाली, "फायनली!"

खाली खोलीत आल्यावर मी चहा टाकला. पंप बंद होता म्हणून सगळं ऐकू येत होतं.

इनास म्हणाले, "तुला वाचता येत नाही ते सांगायला काय झालं होतं?"

मी म्हटलं, "तुम्हाला दिसत नाही ते तुम्ही कुठे सांगितलंत?"

त्यावर दोघंही बशीतून चहा प्यायलो.

त्या संध्याकाळी त्यांनी मला कागदावर मोठे आकडे काढून तेरा ते चोवीस शिकवले. बारा वजा कर, बस. तेरा म्हणजे एक, अठरा म्हणजे सहा. पाच मिनिटांचं काम. ते न सांगण्यापायी मी किती संध्याकाळी शिडी घेऊन धावले ते मोजत नाही. हसीनाचाचीने तिचं जुनं मनगटी घड्याळ मला दिलं, वर म्हणाली, "हे सूर्यावर चालत नाही, चावीवर चालतं." पुढे मी वेळ सांगायची आणि इनासनी बोटाने दात मोजायचे. दोघं मिळून एक धड इलेक्ट्रिशियन झालो. एक वर्ष चार महिने बिल्डिंगला पाणी वेळेवर गरम मिळालं. मला अजून त्याचा गर्व आहे. पठाण बाबा अखेरपर्यंत मला खजूर देत राहिले.

पण चहा पिताना आम्ही जी दोन वाक्यं बोललो, त्याच्या पुढे गेलो नाही. डॉक्टर हा शब्द कुणीच काढला नाही. दवाखान्यात गेलो तर कागद होणार, कागद झाला तर कुरियनसाहेबांच्या टेबलावर जाणार, असं मी मनाशी धरून बसले. लिलीचं होऊ दे, मग बघू. अजान पुढे सरकत होती तसे त्यांचे डोळे पण रोज मिनिट मिनिट सरकत होते, आणि मी आपला एकच ठिपका धरून बसले होते.

लिलीचं नर्सिंग पुरं झालं त्या महिन्यात आम्ही कायमचे परत आलो. विमानतळावर ती आणायला आली होती. मी सामानाच्या गाडीच्या मागे राहिले होते. इनास पुढे गेले, तोंडभर हसत, आणि लिलीच्या शेजारी उभ्या असलेल्या परक्या मुलीचा हात हातात घेतला. म्हणाले, "बाय, किती मोठी झालीस." ती मुलगी घाबरून मागे झाली. लिली म्हणाली, "पप्पा, मी इकडे."

बस्स. दोन वर्षं जे मॅनेजरला दिसलं नाही, ते आमच्या नर्सला एका मिनिटात दिसलं. तिसऱ्या दिवशी तिने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर तिने आधी त्यांना जेवायला वाढलं. मग म्हणाली, "आये, कधीपासून?"

मी म्हटलं, "तुझ्या दुसऱ्या वर्षापासून."

ती म्हणाली, "साखरेने होतं हे. लेसर करतात. तेव्हा आणलं असतंस तर दोन्ही वाचले असते." उजवा गेलाच होता. डावा अर्धा राहिला. तिचं शिक्षण व्हावं म्हणून लपवलं, असं मी तिला तेव्हा सांगितलं नाही. आत्ता हे सांगतेय आणि तीच लिहितेय. पेन थांबलंय तिचं. लिही गं.

इनास बाजूला खुर्चीवर बसून हे सगळं ऐकतायत, हातात माळ. म्हणतात, कुरियनसाहेबांच्या पोटाचं अजून सांग. आणि म्हणतात, सत्तावीस नाही, अठ्ठावीस दात होते. मी म्हटलं, आता कोण मोजायला जाणार.

तर वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. आज जेवणं झाली की घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात त्याच्या गोळ्यांची पट्टी द्या आणि तिच्या मागची बारीक तारीख मोठ्याने वाचायला सांगा. गुडघे दुखतात म्हणाले तरी ऐकू नका. दिसत नसेल तर याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या. आणि दिसत असून वाचता येत नसेल, तर हसू नका, शेजारी बसा आणि शिकवा. पाच मिनिटं लागतात.